नदीवरची सहल, हुर्राक आणि परतीचा रस्ता: क्रम कसा लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्यातल्या ऑफिसातले चौदा जण मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सहलीला निघणार. सकाळी सत्तरीत नदीवर आंघोळ, तिथेच काठावर जेवण आणि जेवणाबरोबर हुर्राक (काजूच्या रसाची दारू), चारच्या सुमारास मोरजीला समुद्रस्नान, रात्री दोन कार आणि दोन दुचाकींवरून घरी. गेल्या वर्षी एक सहकारी जेवणानंतर झाडाखाली आडवा झाला आणि हलवूनही नीट उठेना, म्हणून यंदा घरच्यांनी धास्ती घेतली आहे. तुम्ही विचारता, "माणशी किती ग्लासांपर्यंत चालेल?" आणि शेवटी जोडले आहे, "सांजांवला तर लोक फेणी पिऊन विहिरीत उड्या मारतात, मग नदीचेच एवढे काय?" (सांजांव म्हणजे गोव्यातला २४ जूनचा सण.)

मी जलसुरक्षेचे आणि प्रथमोपचाराचे वर्ग घेतो. उन्हाळा लागला की ग्लासांचा आकडा विचारणारे बरेच भेटतात. आकडा सांगता येईल, पण त्याने तुमचा बेत सुरक्षित होणार नाही. तुमच्या दिवसात दारू बरोबर मधोमध आली आहे. तिच्यानंतर समुद्र आहे, समुद्रानंतर अंधारातला रस्ता आहे, आणि या सगळ्यावर मे महिन्याचे ऊन. तेव्हा आधी क्रम बदला, मात्रेचे नंतर पाहू. पाणी पहिले, प्रवास दुसरा, दारू सर्वांत शेवटी. दारू जिथे पिणार तिथून त्या रात्री कोणालाही गाडी चालवायची नसावी आणि पाण्यात उतरायचे नसावे. एवढे जमले तर बाकीच्या निम्म्या सूचनांची गरजच उरत नाही.

तरी ग्लासाचा हिशेब मांडतो, कारण हुर्राकाबाबत फसगत होते ती इथेच. उंच ग्लासात निम्म्यापर्यंत हुर्राक, वर लिम्का, उभी चिरलेली हिरवी मिरची, चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि बर्फ. चव सरबतासारखी, घशाला जळजळ नाही, आणि बाहेर घामाच्या धारा. पहिला ग्लास तहानेपोटीच संपतो. हुर्राक म्हणजे काजूच्या रसाचे पहिले ऊर्ध्वपातन, त्यात साधारण १५ टक्के अल्कोहोल असते. पुढे काढलेल्या फेणीत ४२-४३ टक्के. तीनशे मिलिलिटरच्या ग्लासात निम्मी हुर्राक म्हणजे १५० मिलिलिटर, त्यात सुमारे १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये १० ग्रॅम असते. म्हणजे तुमचा एक 'सरबताचा' ग्लास जवळजवळ दोन पेगांइतका, आणि ७५० मिलिलिटरची बाटली जवळजवळ नऊ पेगांइतकी. घरगुती भट्टीवरची हुर्राक प्रत्येक घाणीला सारखी उतरत नाही, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा कमी किंवा जास्तही असेल. बिअर हलकी मानणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे चार पेग.

शरीर हे अल्कोहोल तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या गतीने जाळते. ही गती कॉफीने वाढत नाही, लिंबूपाण्याने नाही, गार पाण्याच्या आंघोळीनेही नाही. दोन वाजेपर्यंत तीन ग्लास झाले तर ५४ ग्रॅम, म्हणजे ते उतरायला साडेपाच ते साडेसात तास. साडेचारला मोरजीच्या पाण्यात उतरणाऱ्या माणसात त्यातले निम्म्याहून जास्त अजून शिल्लक असते, आणि आठला गाडी सुरू करणाराही मोकळा झालेला असेलच असे नाही. वजन, जेवण, सवय, बाईमाणूस की पुरुष यांनुसार परिणाम कमीजास्त होतो हे खरे. पण सवय झालेल्याला फक्त आपण प्यालो आहोत हे कमी जाणवते. त्याचे प्रतिक्षेप मंदच असतात.

आता पाण्याचे. "आमच्यातले सगळे पट्टीचे पोहणारे आहेत" असे तुम्ही लिहिले आहे. मला जास्त काळजी पट्टीच्या पोहणाऱ्यांचीच वाटते, कारण न पोहणारा गुडघाभर पाण्यातच थांबतो. दारू आधी अंदाज बिघडवते: पैलतीर जवळ भासतो, दम पुरेल असे वाटते. मग तोल. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अल्कोहोलने बिघडते, आणि पाण्याखाली डोळे मिटलेले असताना वर कुठे आणि खाली कुठे हे त्या यंत्रणेवरूनच कळायचे असते. तिसरी गोष्ट म्हणजे नाकातोंडात पाणी गेल्यावर जो ठसका लागून श्वासमार्ग मोकळा होतो, तो ठसकाच मंद पडतो. पोहण्याचे कौशल्य यातली एकही गोष्ट भरून काढत नाही.

सत्तरीतल्या नद्या मेमध्ये रोडावलेल्या दिसतात, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण आंघोळीसाठी जागा निवडली जाते ती नेमकी डोह असलेली किंवा वसंत बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची, जिथे पाणी साठलेले असते. काठाला कंबरभर आणि दोन पावलांवर डोक्यावरून, असा उतार तिथे नेहमीचा. बंधाऱ्याच्या काँक्रीटवर शेवाळ असते आणि पाय सरकतो तो खोल बाजूला. म्हणून उतरण्याआधी लांब बांबू घेऊन एका न पिणाऱ्याने तळ चाचपावा आणि जिथपर्यंत छातीइतकेच पाणी आहे तिथे काठावर कपडा बांधून हद्द दाखवावी. डोक्याने सूर मारणे पूर्ण बंद. गढूळ पाण्यातला खडक दिसत नाही, आणि मानेचा मणका मोडला तर माणूस वाचला तरी आयुष्यभर अंथरुणाला खिळू शकतो. पाण्याने भरलेल्या चिरेखाणीत कोणी "मजा येते" म्हणून न्यायला लागला तर सरळ नाही म्हणा. तिच्या भिंती उभ्या असतात, बाहेर यायला पाय टेकवायची जागा नसते.

समुद्राचे वेगळे. मेच्या उत्तरार्धात पावसाळ्यापूर्वीच लाटा वाढू लागतात. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, गडद आणि सपाट दिसतो. अनोळखी माणूस तिथेच उतरतो, कारण तिथे लाट नसते. किनाऱ्यावर आलेले पाणी समुद्रात परत जाते ते त्याच पट्ट्यातून. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा, आणि जमले तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या. शुद्धीवरच्या माणसालाही हे त्या क्षणी सुचणे कठीण असते, प्यालेल्याला सुचत नाही. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्येच उतरायचे, लाल बावट्यापाशी मुळीच नाही, आणि सूर्य कलल्यावर पाणी सोडायचे. अंधारात बुडणारा माणूस सर्वांत तयारीच्या जीवरक्षकालाही दिसत नाही.

बुडणारा ओरडत नाही हे तुमच्या चौदाही जणांना आधीच सांगून ठेवा. श्वास घ्यायलाच फुरसत नसते, तर हाक कशी मारणार? तो उभा दिसतो, डोके मागे झुकलेले, तोंड पाण्याच्या पातळीवर, हात बाजूला पाणी दाबत असल्यासारखे. लांबून पाहणाऱ्याला तो खेळतो आहे असे वाटते. हा झगडा बहुधा एका मिनिटाच्या आत संपतो. म्हणून काठावर दोन जण न प्यालेले आणि मोबाइल खिशात ठेवलेले हवेत. दोन यासाठी की एकाला लघवीला जावे लागले तरी दुसरा असतो. पाण्यातल्यांच्या जोड्या लावा आणि दर दहा मिनिटांनी डोकी मोजा.

आणखी एक वस्तू सोबत घ्या, तिला फारसा खर्च येत नाही. गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, त्यात पावभर पाणी, बूच घट्ट. कॅनच्या कानाला १५ ते २० मीटर नायलॉनची दोरी पक्की बांधायची. ते पावभर पाणी मुद्दाम, कारण अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, थोडे वजन असले की नेमका जातो. दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबायचे, कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी त्याच्या खांद्यावरून सरकेल असा ओढायचा. ओढताना काठावर पोटावर झोपा, नाहीतर तुम्हीही आत जाल. वाचवायला उडी मारलेला मित्र हा गोव्यातल्या नदीवरच्या दुर्घटनांमधला दुसरा बळी ठरतो, हे मला वर्गात वारंवार सांगावे लागते.

माणूस बाहेर काढला आणि श्वास चालत नसेल तर पोट दाबू नका, उलटा धरून गरगर फिरवू नका. त्याने पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. एकाने रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने लगेच सुरुवात करायची: पाठीवर झोपवून हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि दोन श्वास, हेच चालू ठेवायचे. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. बुडालेल्याला प्राणवायू हवा असतो, म्हणून त्याच्या बाबतीत आधी श्वास. पाणी गिळून नुसता खोकत बाहेर आलेला, "आता बरा आहे" म्हणणाराही डॉक्टरांना दाखवायचा, कारण श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

उन्हाबद्दल थोडे, पण ते गेल्या वर्षीच्या झाडाखालच्या सहकाऱ्याशी जोडलेले आहे. आपल्याकडे मेमध्ये हवा इतकी दमट असते की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यात दारू लघवी वाढवते. शरीरातले पाणी राखणारे संप्रेरक ती दाबते, म्हणून गार ग्लासाने तहान भागल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात पाणी कमी होत जाते. माणशी दिवसाला चार लिटर साधे पाणी धरा. चौदा जणांना ५६ लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. त्याशिवाय ओआरएसची दहा पाकिटे, प्रत्येकी एक लिटर पाण्यात. सोलकढी, कोकम सरबत, ताक हे चालेल. घोट घोट घ्यायचे, एकदम तांब्या रिकामा करायचा नाही.

झाडाखाली आडवा झालेला माणूस चार कारणांनी तसा दिसू शकतो, आणि सगळे एकच वाक्य बोलतात: "चढली आहे, झोपू दे." पहिले कारण खरोखर दारू. दुसरे उष्माघात: अंग भाजल्यासारखे गरम, बोलणे असंबद्ध, चालताना झोक जातो. तिसरे रक्तातली साखर उतरणे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणारा दुपारचे जेवण टाळून प्यायला तर यकृत वेळेवर साखर सोडत नाही. त्याला दरदरून घाम, थरथर आणि भ्रम होतो, अगदी चढल्यासारखा. चौथे, औषधावर दारू. गाडी लागते म्हणून घेतलेली अ‍ॅव्होमिन, सर्दीची गोळी किंवा झोपेची गोळी दारूबरोबर गुंगी कितीतरी वाढवते, आणि सत्तरीच्या वळणांमुळे अ‍ॅव्होमिन घेणारे तुमच्यात नक्की असतील. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाला खासगीत विचारा: मधुमेह, फिट येणे, हृदयाचा त्रास, चालू गोळ्या. त्या माणसाने प्यायचे की नाही हे त्याच्या डॉक्टरांनी सांगावे.

उन्हात गोंधळलेला माणूस दिसला की दारू प्यालेला असो वा नसो, उष्माघात धरूनच वागा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, टॉवेलने वारा घाला, काखेत, मानेशी आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. तुमच्याकडे हुर्राकासाठी बर्फ असणारच, तो इथे कामाला येतो. आधी थंड करायला लागा, रुग्णवाहिकेची वाट बघत नुसते बसू नका. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तरच तोंडाने पाणी किंवा साखर. अर्धवट शुद्धीत काहीही तोंडात घालायचे नाही.

झोपलेला प्यालेला माणूस एकटा सोडायचा नाही. शेवटच्या ग्लासानंतरही अर्धा ते दीड तास रक्तातले अल्कोहोल वाढत राहते, म्हणून आडवा होताना बडबडणारा माणूस तासाभराने बेशुद्ध होऊ शकतो. त्याला डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा, तोंड किंचित जमिनीकडे असू द्या म्हणजे उलटी बाहेर पडेल, आणि पाठीला पिशवी लावा म्हणजे उताणा होणार नाही. दर दहा मिनिटांनी नावाने हाक मारून खांद्याला चिमटा काढा. छाती बघून अर्धा मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, ओठ निळसर, कातडी गार आणि चिकट, झटके, किंवा चिमट्यालाही प्रतिसाद नाही, यातले एकही दिसले तर लगेच १०८. उलटी करवू नका. गेल्या वर्षी तुमच्या सहकाऱ्याचे निभावले, पण "हलवूनही उठत नाही" हे तेव्हाच फोन करायचे लक्षण होते.

रस्त्याचा कायदा सरळ आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर सांगितलेला हुर्राकाचा एकच ग्लास भरभर प्यायला तर बहुतेकांना या मर्यादेपलीकडे नेतो. तेव्हा "मी एकच घेतो आणि चालवतो" याला जागा नाही. दोन कार आणि दोन दुचाकींऐवजी सतरा आसनांची एक टेम्पो ट्रॅव्हलर चालकासकट घ्या. चौदा जणांत वाटले तर भाडे फार पडत नाही. चालकाला जेवायला आपल्याबरोबर बसवा, पण ग्लासाचा आग्रह एकदाही करू नका. काठावरच्या दोन न पिणाऱ्यांत त्याला धरू नका, त्याला दुपारी झोप मिळाली पाहिजे.

आणखी दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत तरी सांगतो. तुमच्यात नुकतेच लागलेले दोन शिकाऊ आहेत असे लिहिले आहे, वय १९. गोव्यात दारूसाठी वयाची अट २१ आहे, तेव्हा त्यांच्यापुढे ग्लास सरकवू नका, साहेबांनी तर नाहीच. नवा पोरगा साहेबाला नाही म्हणू शकत नाही. आणि किनाऱ्यावर किंवा पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणे, बाटल्या फोडणे हे २०१९ पासून गोव्यात दंडाला पात्र आहे. वाळूतली काच पुढच्या कोणाच्या तरी मुलाच्या पायात जाते.

मग बेत असा बसवा. साडेसहाला फोंड्याहून निघा, आठ ते साडेदहा नदी, अकराला सगळे पाण्याबाहेर आणि अंग कोरडे. बाटल्या तोपर्यंत गाडीच्या डिकीत कुलपात, चावी न पिणाऱ्याकडे. जेवण काठावर, पण दारूविना. चारला मोरजी, ऊन उतरल्यावर फोंड्याला परत आणि हुर्राक संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात, जिथून बाकीचे चालत किंवा रिक्षाने घरी जातील. काठावरच हुर्राक हवी असा हट्ट असेल तर मोरजी रद्द करा, आणि पहिला ग्लास घेणाऱ्याच्या मनगटाला लाल दोरा बांधा. दोरा दिसला की तो त्या दिवशी पुन्हा पाण्यात नाही. वाद घालायला जागा राहत नाही, आणि गर्दीत कोण प्याला आहे हे काठावरच्यांना लांबून कळते. ठरवताना पिणाऱ्यांनाही बैठकीत घ्या. त्यांच्यावर लादलेला नियम ते दुपारी मोडतात, त्यांनीच कबूल केलेला सहसा पाळतात.

आता सांजांव. २४ जूनला विहिरी पहिल्या पावसाने भरू लागलेल्या असतात, उडी मारणारे गावचे असतात आणि कुठल्या विहिरीत किती पाणी, कुठे पायऱ्या, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असते. भोवती सगळा वाडा उभा असतो. तुमच्या अनोळखी डोहाशी त्याची तुलना होत नाही. तरीही तिथेही विहिरीत उडी आधी आणि फेणी नंतर हाच क्रम हवा. एका वेळी एकच जण, आधीचा कठड्याला लागल्याशिवाय दुसरा नाही, कारण अरुंद विहिरीत वरून पडणारा खालच्याच्या डोक्यावर पडतो. कठड्याला जाड दोर आणि आत सोडलेली शिडी, आणि डोक्यावर कोपेल (पानाफुलांचा मुकुट) घालून घुमट या वाद्याच्या तालावर नाचणाऱ्यांपैकी किमान दोघे असे, ज्यांनी त्या दिवशी फेणीला तोंड लावलेले नाही.